कागदावर दोघे, रस्त्यावर सात

आमच्या गावाच्या मधून रेल्वेचा रूळ जातो. रुळाच्या पश्चिमेला नगरपालिका, शाळा, ग्रोसरीचं दुकान आणि मुख्य फायर हॉल आहे. पूर्वेला नदी, शंभर-सव्वाशे घरं आणि दुसरा, छोटा फायर हॉल. त्यात एकच बंब उभा असतो. मालगाडी आली की फाटक पडतं. गाडी चालती असेल तर सात-आठ मिनिटं जातात, पुढे सिग्नल न मिळाल्याने थांबली तर कितीही. मी स्वतः एकदा अर्धा तास फाटकापाशी इंजिन बंद करून बसले आहे. त्यामुळे पूर्वेचा हॉल बंद करायचं निघालं तेव्हा त्याचा अर्थ रुळाच्या या बाजूला कोणाला समजावून सांगावा लागला नाही. आग या बाजूला लागणार आणि बंब त्या बाजूला उभा राहणार.

आमचं घर या बाजूला आहे. नवरा जवळच्या शहरात, कनाटातल्या एका टेलिकॉम कंपनीत आहे, आठवड्यातले दोन दिवस ऑफिसात आणि बाकीचे घरून काम करतो. मी नागपूरच्या एका दैनिकात नऊ वर्षं होते, त्यातली सहा महापालिकेच्या बीटवर. इथे परदेशात आल्यावर गावच्या साप्ताहिकात काम मिळालं. संपादक बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, कंटाळवाण्या सभांना बसायची सवय आहे का. मी म्हटलं, तेवढीच आहे.

नागपुरात सर्वसाधारण सभेत माइक ओढले जायचे, कागद फाडले जायचे. इथे मेयर धरून कौन्सिलचे पाच जण एका लांब टेबलामागे बसतात, एकमेकांचे आभार मानतात आणि हात वर करतात. पहिले काही महिने मला हे सभ्य वाटलं. नंतर संशय यायला लागला. ज्या विषयावर कोणी काही बोलत नाही, त्याचा निर्णय सभेच्या आधी कुठेतरी झालेला असतो, हे मी नागपुरातच शिकले होते.

त्या टेबलामागून गाव दोन सेवा चालवतं. पोलीस गावाचे नाहीत, प्रांताचे आहेत, करार करून घेतलेले. त्यांच्यावर देखरेखीला एक मंडळ आहे. ते दर तीन महिन्यांनी त्याच खोलीत भरतं आणि त्यात मेयर असतो, एक कौन्सिलर असतो, बाकी नेमलेले नागरिक. हे मंडळ धोरण ठरवू शकतं, पण कुठल्या पोलिसाने कुठे जावं हे सांगू शकत नाही. सार्जंट अहवाल वाचतो आणि अवघड प्रश्न आला की म्हणतो, "ते आमच्या कामकाजात येतं, धोरणात नाही." मग सगळे माना डोलावतात. तरीही प्रश्न भरपूर विचारले जातात: ट्रकांचा वेग, शाळेपुढचं पार्किंग, कोणाच्या शेडमधून चोरीला गेलेली स्नोमोबाइल.

अग्निशमन दल मात्र पूर्णपणे गावाचं. कोट, पाइप, बंब, नियम, सगळं कौन्सिलच्या हातात. पगारी माणूस एकच, फायर चीफ. बाकी सगळे स्वयंसेवक: प्लंबर, शिक्षक, गॅरेजवाले. पेजर वाजला की हातातलं काम टाकून जातात. आणि या दलाविषयी कौन्सिलमध्ये कोणी कधी प्रश्न विचारत नसे. जिथे अधिकार नव्हता तिथे चौकशी होती, आणि जिथे सगळा अधिकार होता तिथे फक्त टाळ्या.

माझा नवरा त्या स्वयंसेवकांपैकी एक. पूर्व हॉलचा कॅप्टन एका शनिवारी आमच्या दारात आला होता. साठीपुढचा माणूस, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. त्याने नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "दिवसा घरी असतोस का?" दिवसा गावात माणसं उरत नाहीत, सगळी शहरात कामाला जातात, त्यामुळे घरून काम करणारा इंजिनिअर त्याला सोन्यासारखा वाटला. पूर्ण हिवाळाभर प्रशिक्षण झालं. गाडीच्या काचेमागे स्वयंसेवकांचा हिरवा दिवा आला, डिकीत कोट-बूट आले आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी, पेजर.

मी संपादक बाईंना लगेच सांगितलं. त्यांनी ठरवलं की अग्निशमनाच्या प्रत्येक बातमीखाली 'लेखिकेचे पती पूर्व हॉलमध्ये स्वयंसेवक आहेत' अशी ओळ जाईल. माझा स्वतःचा नियम त्याहून कडक होता. हॉलचं काहीही घरी बोलायचं नाही. तो कॉलवरून परत आला की मी जेवणाचं विचारायचे, आगीचं नाही. त्याला ते आधी चमत्कारिक वाटलं, मग सवयीचं झालं. त्या नियमाचा मला थोडा अभिमानही होता.

जानेवारीच्या सभेत फायर चीफने अहवाल मांडला. चीफ चाळिशीचा, दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहराच्या दलातून आलेला. गावात अजून नवखाच समजला जाणारा. त्याने पडद्यावर एक तक्ता दाखवला. जळत्या घरात शिरायचं तर चार माणसं लागतात, दोन आत जाणारी आणि दोन बाहेर तयार उभी राहणारी. पूर्व हॉलच्या हजेरीच्या कागदांप्रमाणे तिथल्या बहुतेक कॉलना दोन माणसं आली होती, कधी तीन. पश्चिमेला सहा, सात, आठ.

"दोन माणसांचा हॉल हा हॉल नाही," चीफ म्हणाला. "लोकांना खोटा भरवसा आहे."

त्याची शिफारस पूर्व हॉल बंद करण्याची होती. कोणी प्रश्न विचारला नाही. मेयरने आभार मानले आणि सभा इन-कॅमेरा करण्याचा ठराव आला. इथे दार बंद करण्याआधी कारण वाचावं लागतं. कारणं दोन होती, कर्मचाऱ्यांसंबंधी बाब आणि गावाच्या मालकीच्या जमिनीची विल्हेवाट. मी कोट घेऊन कॉरिडॉरमध्ये येऊन बसले. जमीन कुठली, हे वाचलेलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी विषयपत्रिकेवर दुसरी कुठली जमीन नव्हती. पूर्व हॉलच्या मागे नदीपर्यंत उतरणारा मोकळा तुकडा आहे आणि नदीकाठी घरं बांधणारे लोक गेल्या काही वर्षांत गावात वारंवार दिसत होते.

मी वहीत लिहिलं: तक्ता आधी की जमीन आधी?

फेब्रुवारीत पोलीस मंडळाची बैठक होती. बाहेर बर्फ पडत होता आणि खोलीत मी एकटीच प्रेक्षक होते. सार्जंटने तिमाही अहवाल वाचला. त्यात दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली एक घटना होती, अर्थात त्याच्या भाषेत नोव्हेंबरमधली. नदीकाठच्या रस्त्यावर एका घराच्या स्वयंपाकघराला आग. फाटकावर मालगाडी थांबलेली. गस्तीवरचा कॉन्स्टेबल योगायोगाने पूर्वेला होता, त्याने रस्ता बंद केला. 'घटनास्थळी अग्निशमन दलाचे सात सदस्य उपस्थित. घरातील वृद्ध महिलेला सुखरूप बाहेर काढले.'

सात. चीफचा तक्ता माझ्या पिशवीत होता. त्याच दिवसासमोर त्यात दोन लिहिलं होतं.

मंडळातल्या कोणी काही म्हटलं नाही. मेयरने जानेवारीत दोन ऐकले होते आणि फेब्रुवारीत सात ऐकले, त्याच खुर्चीत बसून. मी बैठकीनंतर त्याला गाठलं.

"दोन्ही अहवाल तुमच्यापुढे आले. कुठला खरा?"

"हे पोलीस मंडळ आहे," तो हसत म्हणाला. "आगीचा प्रश्न कौन्सिलमध्ये विचार ना."

"विचारते. उत्तर कोण देईल?"

"चीफ."

चीफला मी ईमेल केला. उत्तर एका ओळीचं आलं: आकडे हजेरीच्या कागदांवरून घेतले आहेत. मी ते कागद बघायला मागितले. त्यावर उत्तर आलं की त्यांत स्वयंसेवकांची वैयक्तिक माहिती असल्याने देता येणार नाहीत. कॅप्टनला फोन केला. तो म्हणाला, "पेपरशी फक्त चीफ बोलतो. नियम आहे. तुझ्या नवऱ्यालाही लागू आहे, आठवण करून देतो." ज्या घराला आग लागली होती तिथे गेले. ती बाई अनेक वर्षं शाळेची बस चालवायची. आता वॉकर घेऊन चालते. नव्या ओट्यावर हात फिरवत म्हणाली, "मी काही मोजायला बसले नव्हते गं. मी मांजर शोधत होते. पण बरेच होते. एकाच्या कोटाखाली पायजमा होता, तेवढं आठवतं."

मी मालगाडीची वेळ तपासली, कॉन्स्टेबलची नोंद सार्जंटकडून पुन्हा वाचून घेतली. दोन खात्यांचे दोन आकडे, एकच दिवस. एकाने कागद दाखवले नाहीत. मध्ये एक जमीन, बंद दाराआड. माझ्या घरातला माणूस त्या दिवशी तिथे गेला होता हे मला माहीत होतं. त्याला मी विचारलं नाही, कारण विचारायचं नाही हा नियम होता.

बातमी मी फार जपून लिहिली. पहिल्या परिच्छेदात पोलिसांचा आकडा, दुसऱ्यात चीफचा, तिसऱ्यात कागद देण्यास नकार, चौथ्यात जमिनीचं इन-कॅमेरा कारण. आरोप एकही नव्हता. नागपूरच्या डेस्कवर आम्ही याला 'शेजारी बसवणं' म्हणायचो. दोन गोष्टी शेजारी बसवायच्या, नातं वाचक लावतो. खाली ती ठरलेली ओळ होती, लेखिकेचे पती वगैरे.

वाचकांनी नातं लावलं. आठवड्याभरात रुळाच्या या बाजूच्या अंगणांत, बर्फात खोचलेल्या पाट्या दिसायला लागल्या: आमचा हॉल, आमचा जीव. कॉफीच्या दुकानात चीफ रांगेत उभा असताना काउंटरपाशी कोणीतरी मोठ्याने विचारलं, "चीफ, आज कॉफी किती? दोन की सात?" लोक हसले. मीही तिथे होते. चीफने एक कॉफी मागितली आणि माझ्याकडे न बघता गेला. पुढच्या सभेत पहिल्यांदाच कौन्सिलरांनी प्रश्न विचारले आणि सगळे प्रश्न एकच होते, फक्त शब्द वेगळे: तुम्ही आम्हाला फसवलं का? हॉलचा निर्णय एप्रिलपर्यंत पुढे ढकलला. चीफच्या कराराचा फेरविचारही एप्रिलमध्येच ठेवला गेला.

त्यानंतर चार दिवसांनी चीफ साप्ताहिकाच्या कचेरीत आला. संपादक बाई बाहेर होत्या. त्याने एक जाड फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्ची न घेता उभा राहिला.

"मूळ कागद आहेत. तुम्ही मागितले तेव्हा गावाचा वकील नको म्हणाला होता. आज त्याला विचारलं नाही. मी कुठली ओळ बदलली ते दाखवा."

"मी असं लिहिलेलं नाही."

"नाही. तुम्ही तसं लिहिलं नाही. म्हणून तर मला काही करता येत नाही."

मी फाइल उघडली. हाताने भरलेले कागद, वेगवेगळ्या पेनांच्या सह्या, कॉफीचे डाग. खाडाखोड कुठे नव्हती. नोव्हेंबरचं पान काढलं. नदीकाठचा रस्ता, स्वयंपाकघरातली आग. खाली दोन सह्या, एक कॅप्टनची आणि एक गॅरेजवाल्याची.

तो दिवस मला आठवत होता. मी चकलीची भाजणी मळली होती आणि नवरा दोन मीटिंगांच्या मधल्या वीस मिनिटांत सोऱ्या फिरवत होता. पेजर वाजला. अर्धी चकली कागदावर सोडून तो गेला. तीन तासांनी आला तेव्हा सोऱ्यातलं पीठ वाळून बसलं होतं आणि त्याच्या केसांना प्लास्टिक जळल्याचा वास होता. मी विचारलं होतं, जेवणार का? पायजमा त्याचाच होता. आणि या कागदावर तो नव्हता.

"बदललेलं काही दिसत नाही," मी चीफला सांगितलं.

"मग ते छापा."

"छापीन. दोन दिवस द्या."

त्याने फाइल उचलली नाही. "ठेवा," म्हणाला. "आता लपवण्यासारखं माझ्याकडे काही राहिलं नाही."

घरी आले तेव्हा नवरा लॅपटॉप मिटत होता आणि मुलगी डायनिंग टेबलावर होमवर्क करत होती. मी कोट न काढता विचारलं.

"चकलीच्या दिवशी, त्या आगीला, तू हॉलच्या शीटवर साइन केलं होतंस?"

त्याने लॅपटॉप पुरता मिटला. "हॉलचं घरी बोलायचं नाही ना?"

"आज बोलायचं."

"ऑन रेकॉर्ड?"

"अरे, आधी नवरा म्हणून सांग. मग बघू."

"नव्हतं केलं. मी घरून डायरेक्ट सीनवर गेलो. ट्रकवर जे असतात ते साइन करतात. डायरेक्ट जाणारे करत नाहीत."

"कोणी सांगितलं?"

"कॅप्टनने. पहिल्याच ट्रेनिंगला. आमच्याकडे तसंच आहे."

"आणि पश्चिमेच्या हॉलमध्ये?"

"तिथलं मला काय माहीत? तिथे मी कधी कॉलला गेलोय?"

"म्हणजे दोन सह्या, म्हणजे ट्रकवर दोघं. आणि बाकीचे पाच जण आपापल्या गाड्या घेऊन."

"अगं, ट्रकवर दोघंच लागतात. बाकीचे त्याच्या आधी पोचलेले असतात. रस्ता केवढा तो."

"आणि चीफने या सह्या मोजल्या असतील हे तुझ्या डोक्यात नाही आलं?"

"चीफचा रिपोर्ट मी कशाला वाचू? मी तुझं आर्टिकल वाचलं." त्याने लॅपटॉप बाजूला सारला. "ते वाचून मला वाटलं, त्यानेच काहीतरी केलंय."

मुलीने वहीतून मान वर केली. "सो बाबा वॉज देअर, बट नॉट देअर?"

"होमवर्क कर," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच फाइलमधला पश्चिमेच्या हॉलचा कागद पाहिला. तोच छापील नमुना, तेच रकाने. तिथे आगीला गेलेला प्रत्येक माणूस परत येऊन सही करत होता, स्वतःच्या गाडीने गेलेलासुद्धा. चीफ शहरातून आलेला. त्याच्या जुन्या दलात सगळेच बंबावरून जायचे. दोन हॉलचे कागद त्याने एकाच पद्धतीने मोजले, कारण कागद एकच होता. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. माझी बातमी तेवढी चुकली होती, आणि तिच्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

दुपारी मी आणि नवरा कॅप्टनकडे गेलो. त्याच्या शेडमध्ये उघडून ठेवलेलं इंजिन होतं आणि लाकडाची शेगडी पेटलेली होती. मी म्हटलं, मुलाखत नको, फक्त ऐका. चीफने मला दाखवलेलं पान मी त्याच्यासमोर ठेवलं आणि त्याशेजारी पश्चिमेचं.

त्याने चष्मा पुसला, दोन्ही पानं वाचली, मग पुन्हा वाचली.

"आमच्याकडे एक जण होता," तो म्हणाला. "फार जुनी गोष्ट. आग विझेपर्यंत वाटेतच कुठेतरी रमायचा आणि नंतर हॉलवर येऊन सही करायचा. वर्षाच्या शेवटी सगळ्यात जास्त हजेरी त्याची. तेव्हाच्या कॅप्टनने नियम केला, सही फक्त बंबावरच्याची. बंबावर बसलेल्याला बाकीचे बघत असतात. तिथे खोटं चालत नाही."

"चीफला हे कोणी सांगितलं नाही?"

"त्याने विचारलं नाही." शेगडीत एक लाकूड सरकवून म्हणाला, "मीही सांगितलं नाही. शहरातून आलाय, बघू किती दिवस टिकतो, असं आम्ही म्हणायचो."

नवरा म्हणाला, "आम्ही पाच जण कौन्सिलपुढे सांगतो. आम्ही तिथे होतो. तुम्ही कशाला मध्ये येता?"

"तुम्ही पाच जण कागदावर नाही," कॅप्टन म्हणाला. त्याने पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक छापलेलं होतं: उपस्थितांची यादी पूर्ण असल्याचे प्रमाणित. खाली त्याची सही होती. प्रत्येक पानावर होती. "कागदावर मी आहे."

ते आम्हा तिघांनाही समजलं. हॉल वाचवायचा तर त्याला उभं राहून सांगावं लागणार होतं की अनेक वर्षं त्याने अपूर्ण यादी पूर्ण म्हणून सही केली. ही दलाची अधिकृत नोंद असते. अपघात झाला, खटला झाला, तर हेच कागद उघडतात. अशा माणसाला कॅप्टन ठेवता येत नाही, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

"चीफची परवानगी घ्यावी लागेल," तो म्हणाला आणि पाना उचलून इंजिनाकडे वळला. "पेपरशी नाही, पण कौन्सिलशी बोलायला."

परवानगी मिळाली. एप्रिलच्या सभेत लोक भिंतीलगत उभे होते. कॅप्टन दलाचा गणवेश न घालता साध्या जॅकेटमध्ये आला. नागरिकांना दहा मिनिटं मिळतात, त्याने चार घेतली. मेयरने विचारलं, "म्हणजे चीफचे आकडे चुकीचे?"

"आकडे बरोबर आहेत. ते बंबाचे आहेत. माणसांचे मी लिहिलेच नाहीत."

"मग खरे आकडे काय? साधारण किती माणसं असायची?"

"आठवणीवरून सांगणार नाही," कॅप्टन म्हणाला. "त्यासाठी कागद असतो."

मागे कोणीतरी हसलं. मग इन-कॅमेराचा ठराव आला. कारण एकच वाचलं गेलं: एका ओळखता येणाऱ्या व्यक्तीसंबंधी. चीफ आत राहिला. कॅप्टनला बाहेर पाठवलं. कॉरिडॉरमध्ये जुन्या फायर टीमच्या फोटोंखाली एक बाक आहे, माझा नेहमीचा. तो शेजारी येऊन बसला.

"तू दर वेळी इथेच बसतेस?"

"हो."

"आतलं काय ऐकू येतं?"

"खुर्च्या सरकल्याच्या."

"बस? एवढ्यावर पेपर काढता?" तो म्हणाला, आणि वरच्या फोटोत स्वतःला शोधायला लागला. केस असलेला, दुसऱ्या रांगेत.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. दोन ठराव वाचले गेले. पूर्व हॉल एक वर्ष चालू ठेवायचा, दोन्ही हॉलना एकच हजेरीची पद्धत, वर्षाने पुन्हा आढावा. कॅप्टनचा राजीनामा आभारपूर्वक स्वीकारला. राजीनामा त्याने कधी दिला हे कोणी सांगितलं नाही. मी शेजारी पाहिलं तेव्हा तो टोपी घालत होता. चीफने आतून येऊन त्याच्याशी हात मिळवला, बराच वेळ. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. हात पाचही वर गेले होते, चर्चा न होता, नेहमीसारखे.

सभा संपल्यावर मी मेयरला जानेवारीतल्या दुसऱ्या कारणाबद्दल विचारलं. कुठली जमीन?

"ती बाब बंद आहे," तो म्हणाला.

"मिटली या अर्थी, की दाराआड?"

"तू दमत नाहीस का गं?" असं म्हणून त्याने कोट घातला.

खुलासा मी पहिल्या पानावर, आधीच्या बातमीइतक्याच जागेत मागून घेतला. चीफने एकही नोंद बदललेली नव्हती, असं पहिल्या वाक्यात लिहिलं. शेवटच्या वाक्यात लिहिलं की या फरकाचं कारण लेखिकेला तिच्या स्वतःच्या घरात विचारता आलं असतं, तिने विचारलं नाही. संपादक बाईंना ते वाक्य जास्त वाटलं. मी ते काढू दिलं नाही. चीफचा करार पुढे चालू राहिला. तो मला त्याबद्दल काही बोलला नाही. पण आता दर महिन्याला दोन्ही हॉलच्या कागदांच्या प्रती, नावं झाकून, न मागता कचेरीत येतात. कॉफीच्या दुकानात तो मान हलवतो, मीही हलवते.

मे महिन्यात बर्फ गेला आणि पूर्व हॉलच्या मागच्या मोकळ्या तुकड्यात चार लाकडी खुंट्या दिसल्या. डोक्याला नारिंगी फिती बांधलेल्या, मोजणीवाले ठोकतात तशा. मी नगरपालिकेत विचारलं. त्यांनी सांगितलं, आमच्याकडे नोंद नाही. कोणी ठोकल्या आणि बर्फ पडायच्या आधी की नंतर, हेही कोणाला माहीत नव्हतं. मी फोटो काढून तारीख लिहून ठेवली आहे.

त्याच आठवड्यात दुपारी नदीकाठचं वाळकं गवत पेटलं. फाटक पडलेलं होतं. पेजर वाजला तेव्हा नवरा मीटिंगमध्ये होता. त्याने कॅमेरा बंद केला आणि गेला. संध्याकाळी परत आल्यावर मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "किती जण होता?"

"आपण आता विचारतो वाटतं?"

"विचारतो. सांग."

"नऊ. सगळ्यांनी साइन केलं." त्याने ग्लास ठेवला. "आणि कॅप्टन. म्हणजे, जुना कॅप्टन. गाडी आडवी लावून रस्त्यावर उभा होता, ट्रॅफिक थांबवत. पोलीस यायच्या आधीपासून. साइन कर म्हटलं तर म्हणाला, मी आता मेंबर नाही, मी फक्त रस्त्यात उभा आहे."

म्हणजे कागदावर नऊ आणि रस्त्यावर दहा. पोलिसांच्या पुढच्या तिमाही अहवालात बहुधा दहा येतील. त्या एका माणसाचा फरक कुठून आला हे मला सांगता येईल. त्या चार खुंट्या कुठून आल्या, ते अजून नाही.